बिनआवाजाचं विमान

असोद्याच्या देवळात कीर्तन असलं की मृदंगावर योगराजभाऊच. बोटं अजून तशीच गोड, पण काचबिंदूने नजर कडेकडेने विझत चाललेली. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेलीही फार टिकायची नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मृदंगाला कुठे डोळे लागतात, असा लोक धीर द्यायचे. भाऊ मान डोलवायचे. देव आत पाहावा असं बुवा सांगतात, तेही त्यांना मनापासून पटलेलं. पण केळीच्या बागेवर पंख न हलवता फिरणारी घार बाहेर होती. तसं काहीतरी एकदा आपल्या हाताने फिरवायचं आणि ते डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

टाळकरी समाधान त्यांना मोटरसायकलवर जळगावला घेऊन गेला. रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या दुकानात भाऊंचा हात आधी गेला तो लांब, निमुळत्या पंखांच्या चकचकीत ग्लायडरवर. दुकानवाल्या ज्योत्स्नाताईंनी ते बाजूला ठेवलं. ते वेगात जातं, चूक सुधारायला वेळच देत नाही, म्हणाल्या. पहिलं घ्यावं ते फोमचं, टोकांशी वर उचललेल्या पंखांचं. कलंडलं तरी आपसूक सावरतं. मोटर पाठीवर हवी, म्हणजे नाकावर पडलं तरी पंखा मोडत नाही. मोटर लावून वर न्यायचं, मग बंद करून तरंगू द्यायचं.

रंग कोणता, त्यांनी विचारलं.

"सगळ्यात जास्त दिसंल तो," भाऊ म्हणाले.

लाल घेतलं.

घरी भाऊंच्या बायकोने, बेबाबाईंनी, नव्या ट्रॅक्टरची करावी तशी त्याची पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि दृष्ट लागू नये म्हणून शेपटीला लिंबू-मिरची बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस वेचून मोकळ्या झालेल्या शेतात समाधानने रिमोट भाऊंच्या हातात दिला आणि विमान वाऱ्याच्या दिशेने हातातून सोडलं. नाक वर झालं, विमान थबकलं आणि आपटलं. पुन्हा तसंच. भाऊ आपल्याच बोटांना दोष देत राहिले. शेवटी समाधान चाचरत म्हणाला की शेपटी जड होतेय, वहिनींना वाईट वाटणार नसेल तर लिंबू काढू का.

"कोनतं लिंबू?"

विमान भाऊंपासून हातभर अंतरावर होतं. बायकोचा मान राखायला ते गप्प आहेत, असंच समाधान इतका वेळ समजत होता. त्याने दोरा तोडला.

या खेपेला विमान सरळ निघालं, गुणगुणत चढलं. बरंच वर गेल्यावर समाधानने मोटर बंद करायला सांगितली. ते तरंगू लागलं, अगदी घारीसारखं. पांडुरंगा, एवढं देखणं, समाधानच्या मनात आलं.

"कुठी हाये रे?"

"डोक्यावर, भाऊ. थोडं डावीकडे."

भाऊंनी मान वळवली. मग दुसरीकडे वळवली. त्यांनी अंगठ्याने मोटर लावली, तेव्हा कुठे चेहरा आवाजामागे फिरला. बंद केली, तसं आभाळ पुन्हा रिकामं झालं.

"तुले दिसते ना?"

"दिसते, भाऊ."

"मंग तूच उतरव."

रिमोट समाधानच्या हातात देऊन ते बांधावर जाऊन बसले, आभाळाकडे पाठ करून.