क्लेटनची लांब गादी

सव्वासहा फुटी क्लेटनने शिकारीसाठी सगळ्यात लांब हवेची गादी घेतली, तेव्हापासून थोरली बहीण व्हर्ना हात धुऊन त्याच्या मागे लागली होती.

"गादी आणलीस की होडी? माझी बघ, गुडघ्यापर्यंतच पुरते. पायाखाली रिकामी सॅक सरकवली की झालं. वाहून नेताना कळेल तुला."

आयडाहोचा डोंगर चढताना कळलंच. पण कबूल करील तो क्लेटन कसला.

सकाळी एल्क हरणाचा माग काढत दोघं पाइनच्या झाडांखाली पोचली. ताजा बर्फ वितळून एक लंबगोल खळगा पडला होता. व्हर्नाने आतल्या दबलेल्या गवतावर हात ठेवला.

"ऊब आहे अजून. आत्ताच उठलाय."

क्लेटनला राहवेना. बंदूक खाली ठेवून त्याने गादी खळग्यावर उलगडली. ती चांगली हातभर बाहेर आली. घोड्याएवढं जनावर, डोक्यावर फांद्यांसारखी शिंगं, आणि निजायला एवढीशी जागा.

"पाय पोटाशी घेऊन झोपतो तो," व्हर्ना म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता.

क्लेटनने टोपी काढली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पलीकडच्या झाडीत एक फांदी मोडली. बंदुकीकडे दोघांपैकी कुणाचाच हात गेला नाही.