जास्वंदीवरचा पिठ्या

सरस्वतीपुरमच्या त्या घराची वाटणी झाली तेव्हा मधली जास्वंदीची रांग वनजाबाईंच्या वाट्याला आली. ते त्यांचे दीर मालोजीराव यांना कायमचं सलत राहिलं. यंदा त्या रांगेवर पिठ्या ढेकूण पडला. शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके धरले, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या.

दुकानातलं जालीम औषध मारा, नाहीतर माझीही झाडं जातील, असं मालोजीराव कुंपणाजवळ उभं राहून सांगत. वनजाबाई ऐकेनात. शेजारीच कढीपत्ता होता, रोज फोडणीत पडणारा. त्यांनी मिरची-लसूण वाटून, गाळून फवारलं. किडे जागचे हलले नाहीत, पानं मात्र करपली. मग साबणाचं पाणी मारलं. बारकी पिल्लं मेली, पण मेणचट आवरणाखालची जुनी तशीच चिकटून राहिली.

तरी हट्टानं त्यांनी एका सकाळी पुन्हा मिरचीचं, या वेळी दुप्पट जहाल पाणी पंपात भरलं आणि त्या परसात आल्या. मालोजीराव कोयत्यानं जास्वंदीची झाडं तोडत होते. काही तर बुंध्यापासून आडवी झाली होती. वनजाबाईंनी धावत जाऊन दिराचं मनगट धरलं.

“साकु, वहिनी,” ते कानडीत म्हणाले, म्हणजे बास. “पुरे झाली तुमची स्वयंपाकघरातली औषधं.”

त्यांनी हिसडा दिला. वनजाबाईंचं डोकं धुण्याच्या दगडावर आपटलं, रक्त डोळ्यात उतरलं. पंप अजून हातातच होता. त्यांनी तो दिराच्या तोंडावर रोखला आणि दाबत राहिल्या. मालोजीराव गुरासारखे ओरडले. डोळे मिटून त्यांनी आंधळा वार केला, पातं वनजाबाईंच्या दंडात रुतलं आणि कोयता खाली पडला.

वनजाबाईंनी तो उचलला. कोयत्याची बोथट बाजू दिराच्या हातावर हाणली. हाड कडकन मोडलं. मालोजीराव गुडघ्यांवर आले, सोडा म्हणू लागले. वनजाबाई मारतच राहिल्या. शेवटी मालोजीरावांचा मुलगा शरत धावत आला आणि त्यानं त्यांना मागून कवेत धरून ओढलं.

दोघांना त्यानं एकाच रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर बराच वेळ मालोजीरावांचे डोळे धूत होते. नजर वाचली, पण मोडलेल्या हाताची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. तक्रार कोणीच दिली नाही.

टाके निघाल्यावर वनजाबाईंनी किडलेल्या फांद्या छाटून जाळल्या. मिरचीचा नाद सोडला. दर आठवड्याला पानांच्या खालच्या बाजूनं साबणाचं पाणी मारत, उरलेले पुंजके जुन्या ब्रशनं घासून काढत त्या तग धरून राहिल्या. पिठ्या पुरता गेला नाही, पण आटोक्यात आला. दसऱ्याला देवापुरती फुलं मिळाली.

मालोजीराव आता त्या बाजूला फिरकत नाहीत. शरतनं ओढलं नसतं तर आपण थांबलो नसतो, हे वनजाबाईंना पक्कं ठाऊक आहे. कोयता त्यांनी शरतकडेच ठेवायला दिला आहे.