काखेतले हेल्मेट

मंगळवारी सकाळी टिंडल यांच्या स्वयंपाकघरात हार्लन सामन्याला निघाल्यासारखा तयार होऊन बसला होता. बुटांच्या नाड्या करकचून बांधलेल्या, केस पाण्याने चापून बसवलेले आणि समोरची ओटची लापशी निवत चाललेली.

"आज कुणाशी आहे रे, धाकट्या?" त्याने विचारले.

"आज मंगळवार, हार्लन. सामना रविवारी," रॉस्को म्हणाला. हे त्याने कालही सांगितले होते आणि परवाही.

"मग मला कशाला उठवलंत?"

"लापशी खायला," मार्नी चुलीपाशी उभी राहून म्हणाली. "साखर घातलीय, मुकाट्यानं खा. नाहीतर तुझ्या धाकट्याला देऊन टाकते. तो काय, उभ्या उभ्या काहीही गिळतो."

मार्नीचे म्हणणे खोटे नव्हते. तिचा नवरा रॉस्को टिंडल, आमच्या कॅल्डवेलच्या मिलर्स संघाचा मुख्य कोच, हल्ली खुर्चीला पाठ लावत नसे. कॉफीचा पेला घेऊन तो खिडकीपासून फ्रीजपर्यंत आणि फ्रीजपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायचा. रविवारचा सामना जिंकला तर मिलर्स बाद फेरीत जाणार होते आणि हरला तर रॉस्कोची नोकरी जाणार होती. संघमालक ब्रॅडॉक यांनी तसे तोंडावर सांगितले होते. या ब्रॅडॉकच्या घराण्याने लोणच्याच्या बरण्यांवर पैसा केला, आणि त्या पैशावर त्यांनी आमचा संघ विकत घेतला. हेल्मेट घालून खेळायच्या आमच्या अमेरिकी फुटबॉलमधले त्यांना इतकेच कळते की रविवारी संध्याकाळी जो जिंकलेला असतो तो चांगला कोच.

हार्लन उठला. घरात कुठेही जायचे तर तो रॉस्कोच्या स्वेटरचा मागचा काठ मुठीत धरून चालायचा. आताही तसाच धरून तो वाडगा ठेवायला मोरीपर्यंत गेला. एके काळी हे दोघे भाऊ याच मिलर्समध्ये खेळले होते. बचावफळीच्या मधोमध हार्लन उभा राहिला की समोरच्याला आपली आई आठवायची. आज हार्लनला स्वतःच्या आईचे नाव आठवत नाही. त्याची बायको डोलोरेस कंटाळून निघून गेली, तेव्हापासून तो धाकट्याकडेच असतो.

चांगला कोच कसा असावा, यावर आमच्या गावात न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाचे मत आहे. कोणी म्हणतो, खेळाडू त्याला चळाचळा कापले पाहिजेत. कोणी म्हणतो, त्याने घरदार विसरून ऑफिसातल्या खाटेवर झोपले पाहिजे. पण एका गोष्टीवर सगळ्यांचे एकमत असते: कोचला खेळाडूचे दुखणे ऐकू येता कामा नये. ज्याला ऐकू येते तो मऊ, आणि मऊ माणूस इथे टिकत नाही.

या समजुतीच्या पोटात एक रीत वाढली आहे. दर वर्षी जुलैत, मोसम सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक खेळाडूची डोक्याची परीक्षा होते. काही शब्द ऐकवतात, थोड्या वेळाने परत म्हणायला सांगतात, आकडे उलटे मोजायला लावतात. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा घेतात. जुलैइतकीच उत्तरे आली तर डोके शाबूत, जा खेळायला. मग जुने खेळाडू नव्यांना बाजूला घेऊन सांगतात, "जुलैत शहाणपणा करू नकोस, बाबा. शब्द विसरल्यासारखं कर, आकडे चुकव." जगभर पोरे पास व्हायला लबाडी करतात, आमच्याकडे दणकट बाप्ये नापास व्हायला करतात! डॉक्टर कागद बघतात, कोच छताकडे बघतात आणि आम्ही मैदानाकडे. या रीतीला कोणी पाप म्हणत नाही. 'संघासाठी सोसणे' असे तिचे गोंडस नाव आहे.

बुधवारी दुपारी कोरिन व्हिटफिल्ड मार्नीच्या दाराशी आली. तिचा नवरा कीऑन मिलर्सच्या बचावफळीचा कप्तान. हार्लनची ती जुनी जागा आता त्याची. कोरिनच्या हातात फडक्यात गुंडाळलेला गरम मक्याचा पाव होता, आणि तो खाली ठेवायचे तिला सुचत नव्हते.

"मार्नीबाई, तुम्ही कोचना काही सांगाल का? पण मी सांगितलं असं म्हणायचं नाही."

"मग काय सांगू? स्वप्न पडलं म्हणून?" मार्नीने पाव तिच्या हातून काढून घेतला. "बस आधी. काय झालं?"

"मागच्या महिन्यात त्याला तो मार बसला ना, तेव्हापासून घरात दिवा लावू देत नाही. पोरगी हसली तरी कानांवर हात ठेवतो. काल तिला बालवाडीतून आणायला निघाला, तो आमच्या जुन्या घरी जाऊन पायरीवर बसला. ते घर सोडून वर्ष झालं, मार्नीबाई! तिथल्या बाईनं मला फोन केला. कीऑन तिच्याशी भांडत होता, माझ्या कुलपाला किल्ली का लागत नाही म्हणून."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं की. पास झाला." कोरिन कडवट हसली. "जुलैत बैलोबा बनून बसला होता, आता पास होणारच. म्हणतो, एकदा जागा सोडली की दुसरा बसतो, मग ती परत मिळत नाही. त्याला कळलं मी इथं आले, तर तो मला माफ करणार नाही."

एवढ्यात पावाच्या वासाने हार्लन आत आला. त्याने मोठ्या अदबीने मान लववली. "तू कुणाची बायको गं?"

"कीऑन व्हिटफिल्डची."

"कुठं खेळतो?"

"बचावफळीत. मधोमध."

"अरे वा! माझीच जागा की!" हार्लन खूश होऊन बसला, पावाचा तुकडा मोडून त्याने मध लावला, चवीने खाल्ला, बोटे चाटली. मग वर पाहून तितक्याच अदबीने म्हणाला, "तू कुणाची बायको गं?"

कोरिनने तोंडावर हात घेतला आणि ती हमसाहमशी रडू लागली. आपले काय चुकले ते हार्लनला कळेना. तो तिच्यापुढे मध सरकवू लागला.

मार्नीने तिला जवळ घेतले. "डोलोरेस इथंच बसली होती, तुझ्याच खुर्चीत," ती हळू आवाजात म्हणाली. "हेच सांगायला आली होती. आणि मी तिला काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, मोसम संपू दे, मग बघू."

त्या संध्याकाळी मार्नीने नवऱ्याला सगळे सांगितले, कोरिनचे नावही लपवले नाही. रॉस्को खिडकीपाशी थांबला आणि पुन्हा चालू लागला.

शुक्रवारी सरावानंतर त्याने कीऑनला खोलीत बोलावले.

"डोकं कसं आहे?"

"खांद्यावरच आहे, कोच."

"दुखतं?"

"तुमचं भाषण लांबलं की."

दोघेही हसले. रॉस्को टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. "जुलैत तुला पाच शब्दांतले दोन आठवले होते."

"मी शाळेपासूनच ढ, कोच. माझ्या आईला विचारा."

समोरच्या संघाचे शेकडो डाव ज्याला तोंडपाठ, समोरच्याचा पाय कुठल्या बाजूला वळला यावरून जो पुढची चाल ओरडून सांगतो, तो माणूस पाच शब्द ध्यानात ठेवू शकत नाही? रॉस्कोच्या ओठांवर हा प्रश्न आला होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. ब्रॅडॉक होते. "रविवार लक्षात आहे ना, रॉस्को?" एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. रॉस्कोने तो प्रश्न गिळला. "जा, गुडघे शेकून घे," असे कीऑनला सांगून तो पुन्हा येरझाऱ्या घालू लागला. भला माणूस भिऊ लागला की किती मुकाट्याने वाईटाच्या बाजूला जाऊन उभा राहतो, ते बघून राग येतो आणि कीवही येते.

रविवारी मैदानापलीकडच्या सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. तरी मैदान गच्च भरलेले. मिलर्स थोडे पुढे होते, पण तीन गुणांची आघाडी म्हणजे घसरती लुंगी, केव्हा सुटेल सांगता येत नाही. उत्तरार्धात कीऑन समोरून धावत येणाऱ्या गड्याला डोक्यानेच भिडला. दोघेही आडवे झाले. दुसरा उठला. कीऑनला त्याच्या दोन सोबत्यांनी बखोटीला धरून झटक्यात उभे केले. कोणाच्या डोक्याला मार बसला ते टिपायला वरच्या काचेच्या खोलीत दुर्बीण लावून बसलेल्या माणसाला कळू नये म्हणून हीदेखील एक रीतच. पण त्याला कळले. खेळ थांबला, कीऑनला कडेच्या तपासणीच्या निळ्या तंबूत नेले. थोड्याच वेळात संघाचे डॉक्टर फेल्प्स बाहेर आले.

"जुलैसारखाच आहे, कोच. खेळू शकतो."

कीऑन धावत मैदानात गेला तेव्हा सगळे प्रेक्षक उभे राहून ओरडले. पुढचा डाव झाला. खेळाडू नवा डाव ठरवायला घोळक्याकडे निघाले, आणि रॉस्कोचे पाय जागीच थिजले. कीऑनने पुढच्या गड्याच्या जर्सीचा मागचा काठ मुठीत धरला होता. काठ धरून, मान खाली घालून, तो त्याच्यामागून चालला होता.

ती मूठ रॉस्कोला नव्याने ओळखायची गरज नव्हती. त्याची स्वतःची जर्सी पूर्वी मागून ताणून लोंबायची आणि कपडे सांभाळणारा म्हातारा त्याच्या नावाने खडे फोडायचा. घोळका कुठे आहे हे हार्लनला दिसेनासे झाले होते आणि धाकटा त्याला आपल्यामागे नेत होता. संघासाठी!

रॉस्कोने खेळ थांबवायची खूण केली. कीऑनच्या जागी दुसरा गडी पाठवला आणि कीऑनला कडेला बोलावले.

"हेल्मेट दे."

"पट्टा ढिला झालाय का, कोच?"

"दे म्हणतो ना."

कीऑनने ते काढून दिले. रॉस्कोने ते काखेत घट्ट दाबले.

"अहो, डॉक्टर पास म्हणाले!"

"डॉक्टरनं तुला जुलैतल्या कीऑनशी ताडून बघितलं. तो जुलैतला कीऑन खोटा होता."

"सगळेच खोटे असतात! तुम्ही नव्हता?"

"होतो."

"मग आत्ताच का शहाणपणा सुचला? कोच, पाया पडतो, द्या ते. माझी जागा जाईल."

"सरोवर कुठल्या बाजूला आहे, कीऑन?"

बोचरा वारा समोरून कीऑनच्या तोंडावर येत होता. त्याने हात उचलला आणि पाठीमागे, गावाकडे दाखवला. स्वतःच्या बोटाकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग मटकन बाकावर बसला.

बदली गडी हिमतीने खेळला, पण शेवटच्या डावात त्याचा पाय चुकला आणि समोरचा त्याच्या बगलेतून निसटून टचडाउनचे सहा गुण घेऊन गेला. मिलर्स हरले. पायऱ्यांवरून गरम कोकोचे पेले खाली भिरकावले गेले. "म्हातारड्या, हेल्मेट घालून बस घरी!" कोणी ओरडले, आणि आजूबाजूचे लोक हसले. रॉस्को हेल्मेट काखेत धरून त्या साऱ्यांमधून बोगद्याकडे गेला. बोगद्याच्या तोंडाशी कोरिन उभी होती. कीऑनने तिच्याकडे पाहिले नाही, पण गाडीच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या.

ब्रॅडॉक आतच उभे होते. "मी कोच ठेवला होता, रॉस्को. दाई नव्हे."

"दुसरा कोच बघा, साहेब," रॉस्को म्हणाला.

पत्रकारांच्या खोलीत पहिलाच प्रश्न आला: "तुमचा निर्णय चुकला असं वाटतं का?"

"हो," रॉस्को म्हणाला. "तो जुलैत घ्यायला हवा होता." आणि मग खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली आणि कोणीही कधी न छापलेली ती परीक्षेची रीत त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. आपण स्वतः कसे खोटे बोललो, नव्यांना कसे शिकवले, शुक्रवारी फोन वाजल्यावर कशी जीभ गिळली, तेही सांगितले. मागच्या रांगेतला एक जुना पत्रकार लिहायचे थांबून खाली बघत बसला होता.

तो घरी आला तेव्हा हार्लन टीव्हीपुढे बसला होता. पडद्यावर तेच दृश्य पुन्हा पुन्हा चालले होते. मार्नीने सूपचा वाडगा टेबलावर ठेवला, आणि कित्येक आठवड्यांनी रॉस्को खुर्ची ओढून बसला.

"धाकट्या, तो म्हातारा कोच बघितलास?" हार्लन म्हणाला. "पोराचं हेल्मेट घेऊन उभा होता. लोक शिव्या देतायत, तरी देईना."

"बघितला."

"चांगला कोच आहे रे." हार्लनने ओठ चावत बराच विचार केला. "आमच्या वेळी नव्हतं का कुणी असं? माझ्याजवळ?"

रॉस्कोने चमचा खाली ठेवला.

"होता, हार्लन. मीच होतो. तुझ्या पुढेच चालत होतो."

"मग?" हार्लनने विचारले.

तो उत्तराची वाट पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त कुतूहल होते. सकाळपर्यंत हा प्रश्न तो विसरणार हे रॉस्कोला माहीत होते. पण दर रविवारी तिकीट काढून पायऱ्यांवर बसणाऱ्या आम्हा लोकांचे डोके शाबूत आहे. आम्हाला विसरायची सवलत नाही.