डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ

हरेश्वर मास्तरांच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर सदैव कुठला तरी रंग वाळलेला असे. कागदाला लावण्याआधी रंग नखावर घासायचा, तो उन्हात धरायचा आणि मान किंचित कलती करून पाहायचा, ही त्यांची जुनी सवय. त्यामुळे त्या एवढ्याशा नखावर कधी पापलेटाची रुपेरी झाक, कधी खेकड्याच्या नांगीचा विटकरी, तर कधी ओल्या शेवाळाचा काळपट हिरवा मुक्कामाला असायचा. पौषातल्या दुपारी दांडी गावच्या किनाऱ्यावर दोऱ्यांवर टांगलेले बोंबील वाऱ्याने एकमेकांवर आपटत, जुन्या कागदासारखे कुरकुरत, आणि आपल्या पडवीत पाटावर बैठक मारून मास्तर एखाद्या मेलेल्या माशाला त्याचं हरवलेलं रूप परत देत असत.

मी पालघरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, आणि प्रवाळांच्या खडकांत राहणाऱ्या लहान माशांचा अभ्यास करते. मास्तर बोईसरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, घराणं मच्छीमारांचं. माझ्या प्रत्येक शोधनिबंधातली चित्रं त्यांची. त्यांच्या संथपणाने मी कित्येकदा कावून जाई. मी माकुणसारच्या घरून घाईघाईने जाऊन त्यांच्या पडवीत बसावं आणि त्यांनी तासभर एकाच खवल्यावर कुंचला फिरवीत राहावं, घाई केली की म्हणावं, "बाय, माशाला घाई नाय, तुला कशाला?" त्या वाक्यात विनोद होता की उपदेश, हे मला कधीच कळलं नाही. पण त्यांनी काढलेल्या माशाच्या परातला प्रत्येक काटा मोजून घ्यावा, एवढा तो खरा असे.

तीन वर्षांपूर्वी मला अरबी समुद्रातल्या एका वस्तीविरहित बेटावर जाण्याची परवानगी मिळाली. परवानगीचा तो एक कागद मिळवायला जो काळ लागला, त्यात माझ्या केसांनी रंग बदलला. मास्तरांना मी हट्टाने सोबत नेलं. कारण प्रवाळातला मासा पाण्याबाहेर मेला की त्याचे रंग दहा-पंधरा मिनिटांत उतरू लागतात, संध्याकाळच्या आभाळासारखे, आणि औषधाच्या बाटलीत पडला की तो उकडलेल्या बटाट्याच्या वर्णाचा होतो. जिवंतपणीचा रंग टिपायला कॅमेरा लागतो, आणि कॅमेऱ्यापेक्षाही शहाणा असा एक डोळा लागतो.

त्या प्रवासात बोट लागून मी आडवी झाले होते. मास्तर मात्र नावेच्या त्या उन्मत्त हिंदोळ्यात घरच्या झोपाळ्यावर बसावं तसे निवांत. चौथ्या दिवशी सकाळी आमचा पाणबुड्या समुद्राच्या पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन वर आला; तिच्यात एक मासा होता, बोटाच्या पेराएवढा, आपल्या खाजणातल्या निवट्याचा दूरचा भाऊबंद. पिशवी मास्तरांच्या हाती देऊन पाणबुड्या लगेच पुन्हा खाली गेला. मास्तरांनी मासा एका पांढऱ्या तसराळ्यात सोडला आणि मला हाक मारली.

"बाय, ये. बघून घे. असा मी कदी बघितला नाय."

"आले," मी म्हटलं. आणि उठले नाही. माझ्या उशाला असलेल्या पिशवीतच कॅमेरा होता. डोकं उचललं की आभाळ खाली येत होतं. पाच पावलांवर जगाला अपरिचित असा एक जीव शेवटचे श्वास घेत होता, आणि मी डोळे मिटून मळमळीचं एकेक आवर्तन मोजत पडले होते. मी उठले तेव्हा मास्तरांचं चित्र पूर्ण झालं होतं आणि तसराळ्यात एक फिकट, निर्जीव, कुठल्याही खडकात सापडेल असा मासा आडवा पडला होता. वैतागाच्या भरात मी तो तसाच फॉर्मालिनमध्ये टाकला. आधी पराचा तुकडा कापून अल्कोहोलात ठेवायचा, म्हणजे पुढे जनुकांची तपासणी करता येते, फॉर्मालिनमध्ये ती जनुकं नासतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवते. त्या दिवशी विसरले.

तसा दुसरा मासा मिळाला नाही. चार दिवस शोधला, मग हवामान बिघडलं आणि परतावं लागलं.

पुढची दोन वर्षं मी त्या एकुलत्या एका माशाबरोबर संसार केला. त्याच्या परांतले काटे मोजले, खवल्यांच्या ओळी मोजल्या, जबड्याची लांबी केसाच्या जाडीपर्यंत मापली. त्याच्या सर्वांत जवळच्या, आधीच नाव मिळालेल्या जातीशी सगळं जुळत होतं. फरक फक्त एक होता: त्या जातीला डोळ्यापासून शेपटीपर्यंत दुधासारखी पांढरी रेघ असते, आणि मास्तरांच्या चित्रात ती पिवळी होती. सोनचाफ्याच्या आतल्या पाकळीचा असतो तसा कोवळा, आतून उजळलेला पिवळा. त्या एका रेघेवर मी निबंध उभा केला. जातीचं नाव मास्तरांवरून ठेवायचं ठरवलं आणि त्यांना तसं सांगितलंही. पुढच्या खेपेला त्यांच्या पत्नीने, यमुनाबायने, माझ्यापुढे चहाबरोबर नारळाच्या वड्या ठेवल्या आणि हसत विचारलं, "मंग आता ह्यांचं नाव पाण्यात पवनार काय?" मास्तर उगाचच कुंचले धुवायला उठले.

निबंध पाठवायच्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरवड्याने, काळा चष्मा लावून, ते रिक्षाने थेट माझ्या माकुणसारच्या घरी आले. एवढ्या लांब ते आपण होऊन कधी येत नसत. वाडीतल्या केळींवरून सकाळचं ऊन निथळत होतं. ओटीवर बसताच त्यांनी चष्मा काढला, समोर वाळत असलेल्या माझ्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं, एक डोळा झाकला, मग दुसरा.

"बाय, ती साडी पांडरी हाय ना?"

"हो."

"नव्या डोल्याला पांडरी हाय. जुन्या डोल्याला पिवली."

 त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तत्क्षणी कळलं, आणि ते ऐकायचं नव्हतं म्हणून मीच घाईने बोलू लागले. "मास्तर, मासा तुम्ही त्याच डोळ्यांनी पाहिला आणि रंगही त्याच डोळ्यांनी निवडलात. चूक दोन्हीकडे सारखीच झाली, म्हणजे ती उरलीच नाही. रंग तुम्ही नखावर लावून माशाशी ताडून बघितला होता ना?"

 त्यांनी खिशातून कागदाचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर शेजारी शेजारी दोन पट्टे रंगवले होते, एक पांढरा आणि एक कोवळा पिवळा.

"नव्या डोल्याला हे दोन रंग हायत," ते म्हणाले. "जुन्याला दोनी एकच. त्या दिवशी मी पिवला लावून बघितला, तो जुलला, म्हनून थांबलो. पांडरा लावला असता तर तोपन जुलला असता."

मी भांडले. आज आठवलं की कानशिलं तापतात, पण भांडले. म्हटलं, तुम्हाला पिवळा दिसला, तो खरा असण्याची शक्यता निम्मी तरी आहे. जगातले निम्मे शोध याहून कमी आधारावर लागले असतील. म्हटलं, पाणबुड्याला विचारू. त्याला फोन केला, तर तो हिंदीत हसून म्हणाला, "मॅडम, नीचे तो सब नीला ही दिखता है." तो मार्गही बुजला. दोन डोळ्यांमधल्या या तंट्याची वार्ता आमच्याशिवाय कुणालाही नव्हती. निबंध तयार होता. मी गप्प बसले असते तर कुणी विचारलंही नसतं.

"तुजा निबंद हाय, तू ठरव," मास्तर उठता उठता म्हणाले. "पन चित्राखाली माजं नाव घालू नको. आनि माशालापन नको."

ज्याच्या नावासाठी मी झगडत होते, तोच माणूस ते नाव शांतपणे परत करून रिक्षात जाऊन बसला. मला त्यांचा असा संताप आला, जसा आपल्यापेक्षा खऱ्या माणसाचा येतो.

निबंध मी थांबवला. पण हार मानली नाही, आणि त्या हट्टापायी मी जे केलं ते सांगायला जड जातं. मी मास्तरांना म्हटलं, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन इतक्यात करू नका. आपण पुन्हा बेटावर जाऊ. तसा मासा मिळाला तर नव्या डोळ्याने त्याचा खरा रंग बघा, आणि जुन्याने बघून सांगा की त्या दिवशी दिसला तो हाच. त्या माशाचा साक्षीदार असलेला तो एकच डोळा आता जगात उरला होता, आणि मला तो जपून ठेवायचा होता, बाटलीतल्या नमुन्यासारखा. मास्तर "बरं" म्हणाले.

मी अर्ज केला. उत्तर आलं, की एक दाखला जोडलेला नाही. जोडला. मग उत्तर आलं, की अर्ज दुसऱ्या विभागाकडे पाठवावा. पाठवला. श्रावण गेला, भाद्रपद गेला. नारळी पौर्णिमेला निघालेल्या होड्या परतल्या, पुन्हा निघाल्या. मास्तरांच्या डाव्या डोळ्यावरचं धुकं दाट होत चाललं. एका डोळ्यात स्वच्छ आश्विन आणि दुसऱ्यात साचलेलं गढूळ पाणी, अशा दोन ऋतूंमधून ते चालत, आणि पायरी कुठे संपते हे त्यांना उमगेनासं झालं. कुंचला कागदाला टेकण्याआधी हवेतच टेकू लागला. मी दर पंधरा दिवसांनी जाई आणि डोळ्याची नव्हे, अर्जाची हकिगत सांगून येई.

शेवटी एके दिवशी यमुनाबाय उमरोळीच्या बहिणीकडे जाता जाता वाट वाकडी करून पालघरला, माझ्या महाविद्यालयात आली. प्रयोगशाळेच्या दारातच उभी राहिली. कपाटातल्या बाटल्यांवरून तिने एकवार नजर फिरवली.

"ह्यातला कुटचा?"

मी दाखवला. तिने त्या फिकट, वाकड्या जिवाकडे बराच वेळ पाहिलं.

"परवा ते धक्क्यावर पडले. ढोपर फुटलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुला सांगू नको म्हनाले. बाय, तुजा मासा गेला तर दुसरा गावंल. माजा मानूस दुसरा कुटून आनू?"

मी तिचा हात धरला, पण तिने तो सोडवून घेतला, रागाने नव्हे, गाडीची वेळ झाली म्हणून. त्याच दुपारी मी मास्तरांना फोन केला आणि ऑपरेशन करून घ्या म्हटलं.  "परवानगी आली?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग?" ते म्हणाले. 

ऑपरेशन बोईसरला झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तिथून बाहेर पडताना, कारखान्यांची शिफ्ट सुटून कामगारांचे लोंढे वाहत असताना, मास्तर रस्त्याच्या कडेला थांबून एखाद्या रंगांच्या दुकानात शिरावं तसे सगळीकडे पाहत राहिले. समोरच्या फलकांतला निळा आता दोन्ही डोळ्यांना एकच होता. मी त्यांच्या शेजारी उभी होते, आणि मला आनंद झाला नाही. एवढा साधा आनंदही मला होत नाही, याचाच विषाद वाटला.

महिन्याभराने मी ते बोटीवरचं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते पडवीच्या उजेडात धरलं, मान कलती केली.

"चित्र बरं हाय," ते म्हणाले. मग ते खाली ठेवत, "पन आता मला मासा आठवत नाय, बाय. चित्रच आठवतं."

अर्जाचं उत्तर त्यानंतर आलं: यंदा शक्य नाही. मी ते घडी घालून ठेवलं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर कुळाचं नाव आहे, आणि जातीच्या जागी कोरी रेघ. काळ पाहिलेलं पुसून नेतो असं मी समजत होते. इथे त्याने पाहणारी दृष्टीच तेवढी नेली, आणि जे पाहिलं गेलं त्याचा एखादा जातभाई त्या दूरच्या बेटाच्या खोबणीत, कुणाच्याही स्मरणाची वाट न पाहता, आपल्या खऱ्या रंगात अजून पोहत असेल.