एकच डबी

दीपिकाच्या बाबांना कशाचीच किळस वाटत नाही, असा माझा इतक्या वर्षांचा समज होता. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत राजेंद्रांनी आयुष्यभर डंपर चालवला. कोपरापर्यंत ग्रीस लागलेल्या हातांनी घरी यायचे आणि तसेच ताटावर बसायला बघायचे. बोकडाचं आतडं धुवायचं काम त्यांनी मला कधी करू दिलं नाही, म्हणायचे, तुला जमत नाही. पण स्वतःची शी काडीच्या टोकाला लावून एका डबीत घालायची म्हटल्यावर हा माणूस एकदम सोवळा झाला.

डबी दीपिकाने आणली होती. ती आमची एकुलती एक, नागपूरला औषधांच्या दुकानात कामाला आहे. डबीचं कारण म्हणजे राजेंद्रांचे थोरले भाऊ, वसंता. त्यांना शीतून रक्त जायचं आणि वर्षभर आमच्या अख्ख्या बालाघाटने त्यांना बवासीरचे, म्हणजे मूळव्याधीचे, उपाय सांगितले. कुणी इसबगोल सांगितलं, कुणी मुळ्याचा रस, कुणी बस स्टँडजवळची पुडी. नागपूरला नेलं तोवर आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं की सख्ख्या भावाने आत दुर्बीण घालून तपासून घ्यावं. राजेंद्रांनी दुर्बीण हा शब्द ऐकला आणि विषय बंद केला. मग दीपिका म्हणाली, निदान शीची तपासणी तरी करा, डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात सापडतं, आणि लवकर सापडलं तर माणूस वाचतो.

काम पाच मिनिटांचं होतं. पण राजेंद्रांना आज पोट साफ नाही, उद्या पाहुणे येणार, परवा लॅब बंद असेल, असं रोज काहीतरी असायचं. डबी मी संडासाच्या खिडकीत ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर पान्यांच्या पेटीत सापडली. तिच्याकडे बघून त्यांना होत नाही म्हणे. आणि दीपिकाचा फोन कुणाला, तर मला. बाबांनी दिलं का, तू नीट सांगत नाहीस, तू मनावरच घेत नाहीस. जणू काही ते पोट मीच अडवून धरलं होतं.

शेवटी मी ठरवलं, यांच्यामागून जाऊन आपणच घ्यावं. जन्मभर या माणसाने संडासात धड पाणी टाकलेलं नाही, त्यावरून आमची किती भांडणं झाली असतील. पण डबी घरात आल्यापासून हे बादल्या भरभरून पाणी टाकायला लागले. मी काडी घेऊन जायची आणि आत सगळं लख्ख. तेव्हा मला जो संताप आला, तसा क्वचितच आला असेल.

त्या संतापात मी स्वतःच कागद अंथरला आणि स्वतःचीच डबी भरली. तिच्यावर दीपिकाने राजेंद्रांचं नाव, वय चौसष्ट, असं आधीच घालून ठेवलं होतं. लॅबमध्ये जाऊन दिली आणि घरी सांगितलं की तुमच्यामागून जाऊन घेतली एकदाची. राजेंद्र लाजले, पण सुटल्यासारखे हसले. दीपिका फोनवर म्हणाली, आई, तू ग्रेट आहेस. हे चूक आहे हे मला कळत होतं. त्यांची तपासणी झालीच नव्हती, हेही कळत होतं. पण दोन-तीन दिवस घरात फोन वाजला नाही आणि मला त्यातच सुख वाटलं.

मग रिपोर्ट आला, दीपिकाच्या मोबाइलवर. रडू आलं की दीपिका हिंदीत जाते. मला म्हणाली, "मम्मी, पापा का रिपोर्ट पॉजिटिव आया है."

मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले. ते रक्त माझं होतं.

दीपिका पुढे बरंच बोलत होती. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरच असं नाही, साधी सूज असेल, बवासीर असेल, छोटी गाठ असेल तर दुर्बिणीतूनच काढून टाकतात, पण आता दुर्बीण घालावीच लागेल. गोंदियाच्या डॉक्टरांची वेळ ती घेणार होती. मी फक्त हौ हौ म्हणत राहिले. जिना चढताना गेले काही महिने मला धाप लागत होती, आणि मी ती वयाच्या खात्यावर टाकली होती.

त्याच संध्याकाळी सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. पण तोवर राजेंद्र पलंगावर आडवे झाले होते. सकाळपर्यंत सायकलवर दूध आणणारा माणूस आता पाण्याचा ग्लासही उशाशी मागायला लागला. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे की मला आतून आधीच जाणवत होतं. हट्टा गावाहून त्यांची मोठी बहीण सत्यभामाबाई बॅग घेऊनच आल्या. त्यांनी भावाच्या पायाला तेल चोळायला घेतलं आणि मला चहाला पिटाळलं. कणीक मळताना मी त्यांना हळूच म्हणाले, बाई, हे दुखणं यांचं नाही, माझं आहे. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं की साधनासारखी बायको मिळायला भाग्य लागतं. आता या बाईपुढे कपाळ फोडून घ्यायचं का?

दुसऱ्यांदा मी राजेंद्रांकडेच गेले. त्यांनी माझा हात धरला. असा हात त्यांनी कधी धरला होता ते मला आठवेना. म्हणाले, "माह्यामागं तू कशी राह्यशील वं?" मी त्यांची उशी सारखी केली आणि उठले. खरं सांगायचं तर मी गप्प बसले ते त्या हातामुळे नव्हे. मला भीती वाटत होती. रिपोर्टवर त्यांचं नाव होतं तोवर दुखणंही त्यांचंच वाटत होतं. वसंताभाऊंना शेवटी कसं न्यावं-आणावं लागायचं ते मी पाहिलं होतं, त्यांची चादर मीच धुतली होती.

गोंदियाला जायचा दिवस ठरला. दीपिका रजा घेऊन आली. आदल्या दिवशी राजेंद्रांना पातळ भात आणि डाळीचं वरचं पाणी, बाकी काही नाही. सत्यभामाबाई घासागणिक हळहळत होत्या. मीही दिवसभर तेवढंच खाल्लं. भाजी-पोळी केली, सगळ्यांना वाढली, आणि माझ्या ताटात पातळ भात घेतला. समोरासमोर बसून जेवलो, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

सकाळी दीपिकाने पोट साफ करायची पावडर मोठ्या भांड्यातल्या पाण्यात ढवळली. दुपारच्या आत आतडं पार रिकामं व्हायला हवं होतं, नाहीतर दुर्बिणीला काही दिसत नाही. राजेंद्रांनी पहिला घोट घेतला आणि थुंकला. हे साबणाचं पाणी आहे म्हणाले. सत्यभामाबाईंनी साखर घालायला सुचवली, दीपिका ओरडली. मग तिने समजावलं, हात जोडले, वसंताकाकांची आठवण दिली. राजेंद्रांनी ग्लास टेबलावर आपटला. "मले नाई जायाचं. जे व्हाचं ते होईन."

दीपिका माझ्याकडे वळली. तोच सूर, तोच राग. "आई, तू काहून काही बोलत नाई? सांग ना त्याइले."

मी ग्लास उचलला आणि पिऊन टाकला. अर्धा नाही, पूर्ण. चव खरोखरच साबणाची होती. इतक्या दिवसांत राजेंद्र पहिल्यांदा खरं बोलले होते. सत्यभामाबाईंनी माझा हात धरायला बघितला, तोवर ग्लास रिकामा झाला होता.

"हे माह्यासाठी आहे," मी म्हणाले. "डबीत यांचं नव्हतं. माह्यं होतं. हे देत नव्हते आनि तू रोज मलेच बोलत होती, म्हनून मी माह्यं भरून देल्लं."

राजेंद्र पलंगावर नीट उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. "म्हंजे मले काहीच नाई झालं?"

या माणसाबरोबर मी संसार केला आहे. "तुमचं अजून कोनी पाह्यलंच नाई," मी म्हणाले. मग त्यांना माझं वाक्य पुरतं कळलं असावं, कारण आलेला रंग तसाच उतरला आणि ते माझ्या हातातल्या रिकाम्या ग्लासकडे बघत राहिले.

दीपिका खुर्चीत बसली होती. औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांना काय कधी घ्यायचं ते सांगणारी माझी पोरगी पावडरीचं रिकामं पाकीट उलटसुलट करत होती. मग म्हणाली, "आई, तुले तपासायचं होतं तर तू मले सांगतलं काहून नाई?"

"तू डबी एकच आनली होती."

मला हे तिला लागावं म्हणून बोलायचं नव्हतं. पण लागलं. तिने तोंड फिरवलं, नाक पुसलं आणि गोंदियाला फोन लावला. पेशंट बदलायचा आहे म्हणाली. पलीकडून नाव विचारलं, तिने साधना सांगितलं. पुढे काहीतरी विचारलं, आणि ती थांबली.

तिने फोनवर हात ठेवला, बाबांकडे पाहिलं. बाबांनी सत्यभामाबाईंकडे पाहिलं. मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"आई, तुह्यं वय किती?"

"एकसष्ट," मी सांगितलं, आणि ग्लास पुन्हा भरायला पुढे केला.