अनफिट

सहवैमानिक पायलने टोपी काढून काखेत धरली आणि काउंटरवरच्या साहेबाला सांगितलं, "मला अनफिट लिहा. परतीचं विमान मी नेणार नाही."

मुंबईहून अमरावतीला विमान आणून तिला वीस मिनिटं झाली होती. प्रवाशांच्या हॉलमध्ये तिचे वडील शेषराव, आई केशरबाई आणि नांदगाव खंडेश्वरहून गोळा केलेले नऊ नातलग नटूनथटून बसले होते. पोरीची ड्युटी कळल्याबरोबर शेषरावांनी तिच्या परतीच्या विमानाची अकरा तिकिटं काढली होती आणि निम्म्या तालुक्याला सांगून झालं होतं. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर ते, मिरवायची संधी सोडतील कशाला?

साहेबाने मुंबई ऑफिसला फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडचा माणूस गोडीत बोलला. कागदावर तुमची दहा तासांची विश्रांती झालीय, नियम कुठे मोडलाय? चहा घ्या आणि निघा. नाही तर लेखी खुलासा द्यावा लागेल, पगारही कापला जाईल. त्या दहातले चार तास गाडीत आणि हॉटेलच्या दारात ताटकळण्यात गेले होते, आणि पहाटे तीनला उठण्याचा हा सलग पाचवा दिवस होता. ते कुठल्याच कागदावर नव्हतं. "पाच मिनिटांत सांगा," म्हणून त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात शेषराव तरातरा आले. मागोमाग केशरबाई.

"काहून थांबली वं? लोकं पाहून राहिले. आजचा दिवस तं ने!"

"बाबा, मले झोप आली."

"मंग तोंडावर पानी मार. म्या डबल ड्युट्या केल्या, एकदाबी नाई म्हटलं नाई."

"आली म्हंजे लागली, बाबा. आत्ता, इथं उतरता उतरता. कॅप्टननं खांदा हलवला तवा डोये उघडले."

शेषरावांच्या तोंडचं पाणीच पळालं. खुर्ची चाचपत ते खाली बसले. इतका हादरलेला बाप पायलने कधी पाहिला नव्हता, आणि आता तीही घाबरली.

फोन वाजला. शेषरावांनी तिचं मनगट धरलं.

"सांग त्याइले. नाई जात म्हनून."

तिने सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम कोरडा झाला. थोड्या वेळाने उड्डाण रद्द झाल्याची घोषणा झाली आणि हॉलभर कुरकुर सुरू झाली. नऊ नातलग माना उंचावून इकडेच बघत होते. शेषरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. मनगट न सोडता ते खाली बघत बोलले.

"बडनेऱ्याच्या पुढं, अकोल्याच्या गाडीवर, माये बी डोये लागले होते. बावन्न मानसं होती. गाडी रस्ता सोडून बाभयीले घासली, तवा जागा झालो. आजवर कोनाले सांगतलं नाई. तू पोटात होती. तुयी माय तिसऱ्या सीटवर होती."

पायलने आईकडे पाहिलं. केशरबाई नवऱ्याकडे बघत होत्या, ओळख नसल्यासारख्या.

"तुमी तं म्हटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या, "गाय आडवी आली."