आनंदाचं प्रमाणपत्र

थायलंडमधल्या चियांग माईच्या त्या द्विभाषिक आंतरराष्ट्रीय शाळेत दुःखी मूल औषधालाही सापडत नव्हतं. प्रत्येक वर्गाच्या दाराशी पाच चेहऱ्यांचा फळा होता, खळखळून हसणाऱ्यापासून रडक्यापर्यंत. सकाळी आत शिरताना मुलांनी आपल्या नावाची चिठ्ठी मनाशी जुळणाऱ्या चेहऱ्याखाली अडकवायची. झाडून सगळ्या चिठ्ठ्या हसऱ्याखाली असायच्या.

'विद्यार्थी आधार आणि आनंद कक्षा'च्या प्रमुख मिस ब्रॉनविन वेल्सहून आल्या त्याला दोन वर्षं झाली होती. एवढ्या अवधीत त्यांनी शाळेतून दुःख हद्दपार केलं होतं, निदान अहवालात तरी. त्यांची मदतनीस आणि दुभाषी रम्फाय मात्र एकोणीस वर्षं इथे होती आणि तिला खरं कारण ठाऊक होतं. कुणी रडका चेहरा निवडला, की मिस ब्रॉनविन साऱ्या वर्गादेखत त्या मुलासमोर गुडघे टेकून बसत आणि 'सांग बरं' म्हणत. मोठ्यांपेक्षा आपलं डोकं वर असणं हा इथे त्यांचा अपमान. शिक्षिकेचं डोकं आपल्यापेक्षा खाली, तेही आपल्यापायी! असला अपराध माथी घेऊन इथलं कुठलं पोर घरी जाईल? त्यापेक्षा हसलेलं बरं.

आता हे रम्फायने त्यांना सांगितलं होतं का? छे. वरिष्ठांना तोंडावर 'चुकताय' म्हणणं तिच्याही रक्तात नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. रम्फायकडे ती कायमची मुक्कामाला होती. मिस ब्रॉनविन आलेख दाखवत, रम्फाय मान डोलवत असे. मान डोलवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अशात सहावीत बायतोंग आली. शेजारच्या लम्फून गावच्या साध्या शाळेतून, आईवडील वेगळे झाल्यावर आईबरोबर शहरात आलेली. मुलं वाईट नव्हती, फक्त भराभरा इंग्रजीत बोलायची. बायतोंग हसायची. दोन महिने तिच्या तोंडून शब्द फुटला नाही तेव्हा वर्गशिक्षकांनी तिला कक्षाकडे पाठवलं. कक्षात बाराच मुलांना जागा होती. बायतोंगच्या वाट्याला बुधवारचा अर्धा तास आला, रम्फायबरोबर.

त्या अर्ध्या तासात मात्र पोरगी धबधब्यासारखी बोलायची. मधल्या सुट्टीत खेळाच्या सामानाच्या खोलीमागे उभ्याने जेवते, म्हणजे कुणाला आपल्यासाठी जागा करावी लागत नाही. रात्री उशीत तोंड खुपसून रडते, म्हणजे आईला ऐकू जात नाही. सांगून झालं की हात जोडून माफी मागायची, ख्रूंचा वेळ खाल्ला म्हणून. ख्रू म्हणजे बाई; रम्फायला सगळी मुलं तेच म्हणत. आईला फोन केला तर तिनेही दहा वेळा माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी लमयाई फळांची भली मोठी टोपली पाठवली, मुलगी उदास राहून शाळेला त्रास देते म्हणून. कक्षाने फळं खाल्ली आणि वहीत नोंद केली: पालक समाधानी.

सत्र संपताना मिस ब्रॉनविननी हिशेब मांडला. बायतोंगच्या चिठ्ठ्या सलग साठ दिवस हसऱ्या चेहऱ्याखाली. नियमाप्रमाणे साठ दिवस हसलं की मूल बरं झालं. तिची जागा रांगेतल्या दुसऱ्या मुलाला द्यायची आणि तिला सगळ्यांसमोर प्रमाणपत्र. "तुला काय वाटतं, रम्फाय?" असं त्यांनी मनापासून विचारलंही. रम्फायने मान डोलवली आणि कागदावर सही केली. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

समारंभाला सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत बायतोंगची आई, नवा पोशाख घालून. मिस ब्रॉनविननी मुलीच्या हातात प्रमाणपत्र दिलं, तोंडासमोर माइक धरला आणि आता कसं वाटतंय ते तुझ्या भाषेत सांग, असं मोठ्या कौतुकाने म्हणाल्या.

बायतोंगने हात जोडले. मग माइककडे न बघता ती दुभाषी म्हणून शेजारी उभ्या असलेल्या रम्फायकडे वळली आणि हळूच बोलली. पण माइक तो माइकच.

"ख्रू, बुधवारी आता मी कुणाशी बोलू?"

सभागृहातल्या सगळ्या आयांना ते कळलं. त्यांनी माना खाली घातल्या. कळलं नाही ते व्यासपीठावरच्या पाच परदेशी अधिकाऱ्यांना, ज्यांच्या हातात सगळं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणाली?" मिस ब्रॉनविननी हसत विचारलं.

'सगळ्यांची आभारी आहे म्हणते.' वाक्य रम्फायच्या जिभेवर तयार होतं. एकोणीस वर्षांत असली शेकडो वाक्यं तिने केली होती आणि सगळ्यांचं भलं झालं होतं. म्हणजे मोठ्यांचं. बायतोंग तिच्याकडे बघत होती, नेहमीसारखी हसून.

"माझ्याशी बोल," रम्फाय आधी तिला म्हणाली. "कागद काही का म्हणेना."

मग तिने माइक आपल्याकडे घेतला आणि इंग्रजीत, एकही शब्द मऊ न करता, मुलीचा प्रश्न सांगितला. उभ्याने जेवण्याचं तेवढं तिने सांगितलं नाही. ते बायतोंगचं होतं. पण ही मुलगी एक दिवसही आनंदी नव्हती, हे सांगितलं.

पुढच्या रांगेतली आई सवयीने हात जोडून माफी मागायला उठली होती, ती तशीच उभी राहिली. मिस ब्रॉनविनचा चेहरा लाल झाला. बाई दुष्ट नव्हत्याच कधी.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," रम्फाय म्हणाली. या वेळी तिची मान हलली नाही.